अकरा नंबरची जर्सी

१. आज सकाळी मांडवीला आमच्या क्रिकेट संघाचा स्पर्धेतला पहिला सामना होता. स्कोअर मी लिहीत होते.

२. शेजारच्या खुर्चीवर नासिरची ११ नंबरची जर्सी होती. आमचा हा बॉलर सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला आम्ही ती तिथे ठेवतो आणि तो नंबर कुणी घालत नाही.

३. मुंबईहून बोलावलेल्या नव्या बॉलरची बॅग गाडीत राहिली. जादाची जर्सी समजून त्याने तीच घातली. खुर्चीकडे लक्ष ठेवणं माझं काम होतं. मी चुकले.

पहिल्याच बॉलला त्याने दांडी उडवली. एकही टाळी वाजली नाही.

"काढ ती! आधी काढ!" कॅप्टन ओरडत धावला.

"काय झालं दादा? नो बॉल होता काय?"

तेवढ्यात नासिरचे वडील, युसुफचाचा, मैदानात शिरले. आता हात उचलतात, असंच मला वाटलं. त्यांनी त्या बॉलरच्या पाठीवरचा नंबर पाहिला आणि कॅप्टनला म्हणाले, "त्याचे पाच बॉल बाकी हायत. टाकू दे."

सामना आम्ही जिंकलो. नंतर चाचा मला म्हणाले, "खुर्चीला कसली जर्सी घालतंस? कुणातरी पोराला घाल."

नासिरची बायको शबानाभाभी फोनवर एवढंच म्हणाली, "नंबर कुणाला द्यायचा नाही."

मला दोघांचंही पटतं, म्हणून मी मत देणार नाही. रविवारी संघाची बैठक आहे. संघातून खेळलेल्या प्रत्येकाने शुक्रवारपर्यंत या ग्रुपवरच उत्तर द्यावं: ११ नंबर नव्या खेळाडूला द्यायचा का?