सोवनीबाईंचे संशयित

कोरियन मालिकेचा प्रत्येक भाग संपायला दहा मिनिटं उरली की सोवनीबाई तो थांबवायला लावायच्या. मग कागदाच्या चिटोऱ्यावर संशयिताचं नाव लिहायचं, घडी घालायची आणि चिठ्ठी खारकांच्या जुन्या डब्यात टाकायची. मलाही लिहावी लागे. मालिका संपेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा नियम.

लखनऊच्या महानगर भागात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. नोकरी बँकेत, रविवार मोकळा, लॅपटॉप माझा. बाई मूळच्या नाशिकच्या. इथल्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षं नमुन्यांच्या बाटल्या तपासून निवृत्त झालेल्या, त्यामुळे जगातल्या कुठल्याच लेबलावर त्यांचा विश्वास नव्हता. दूधवाल्यालासुद्धा विचारायच्या, "भैया, आज इतना मीठा क्यों बोल रहे हो? पानी ज़्यादा पड़ गया क्या?"

"आपल्या मालिकांत खलनायिका आली की ढोल वाजतात," त्या म्हणायच्या. "संशय घ्यायला वाव कुठे राहतो? इथे बघ. चौकीत पोलिसांचा सावळागोंधळ चाललाय, तेवढ्यात मेलेली आई दारात उभी. वाटतं, आता भुताटकी. तर ती लेकाला विचारते, जेवलास का? आपण डोळे पुसतोय आणि खुनी मागे शांतपणे सूप ढवळतोय. आता या मालिकेला भुताची म्हणू, रडकी म्हणू, का खुनाची? हीच तर मजा आहे यार!" आणि मग नेहमीचं वाक्य, "सूप ढवळणाऱ्यावर नजर ठेव. फार काळजी घेणारा काहीतरी लपवत असतो."

त्या हिवाळ्यात मला बाईंचाच संशय येऊ लागला. संवाद कोरियन, खालच्या इंग्रजी ओळी वाचल्या तरच कळायचे. बाई हसायच्या, पण मी हसल्यानंतर. एकदा मी एका दुःखाच्या प्रसंगाला मुद्दाम हसले. बाईही हसल्या. मला माझीच लाज वाटली. पुढच्या रविवारपासून मी "मला मोठ्याने वाचायची सवय आहे" म्हणत ओळी मराठीतून सांगू लागले. त्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही.

लपवायला कारण होतं. नाशिकहून मुलगा श्रीधर दर आठवड्याला विचारायचा, "आई, डोळे कसे आहेत?" उत्तर ठरलेलं, "फर्स्ट क्लास." खरं कळलं असतं तर त्याने त्यांना नाशिकला नेलं असतं आणि अडतीस वर्षांच्या या घराला कुलूप लागलं असतं.

मग एका सकाळी शेगडीजवळच्या फडक्याने पेट घेतला. मी धावत जाऊन पाणी ओतलं. बाई म्हणाल्या, "शकुंतलाने ठेवलं असेल तिथे." कामवाली शकुंतला दोन दिवस सुट्टीवर होती. दुपारी बँकेतून मी श्रीधरला फोन केला आणि माझं नाव सांगू नका म्हटलं.

तो आला, डॉक्टरांना डोळे दाखवून झाले, सामान बांधलं गेलं. "कुणीतरी सांगितलंय," बाई म्हणत होत्या. आधी दूधवाल्यावर आळ आला, मग शकुंतलावर. ती रडवेली होऊन म्हणाली, "अम्मा, कसम से, हमने कुछ नहीं कहा."

"आई, आता सोड ना," श्रीधर म्हणाला.

मी ओट्याशी सगळ्यांसाठी आलं घालून चहा करत होते. साखर विरघळली तरी चमचा फिरवत राहिले. बाईंनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग जाड पेन मागितलं, चिटोऱ्यावर काही लिहिलं, घडी घालून डब्यात टाकलं. चालू मालिकेचे दोन भाग उरले होते. "गाडी सुटल्यावर उघड," म्हणून डबा माझ्या हातात दिला.

स्टेशनवरून परतल्यावर उघडला. अक्षरं एकमेकांवर चढली होती, पण वाचता आलं. "तू. शिक्षा : उरलेले दोन भाग फोनवरून वाचून दाखवणे." रिकाम्या घरात मी ओक्साबोक्शी रडले.

पुढच्या रविवारी चार वाजता नाशिकला फोन लावला. ते दोन भाग मी दीड वर्ष पुरवले. खुनी सापडल्यावर नवी प्रेतं आणली, एक लग्न लावलं, मेलेल्या आईला पुन्हा दारात उभं केलं. प्रत्येक वेळी शेवटाजवळ बाई म्हणायच्या, "थांब. नाव लिहू दे." एकदाही त्यांनी विचारलं नाही, की बाई गं, ही मालिका संपत कशी नाही?