ओढ्यातला खांदा

दस्तगीर पिंजाऱ्याच्या गाद्यांवर निम्मी राजारामपुरी झोपायची. त्याला स्वतःला मात्र झोप कमीच. त्यात गणपती किंवा मोहरम जवळ आला, की पोलीस ठाण्यातून निरोप यायचा, "शांतता समितीची बैठक हाय, चाचांना या म्हणावं."

त्र्याण्णव साली मुंबई पेटली, तेव्हा इथल्या समितीत कुणीतरी मुसलमान पाहिजे म्हणून त्याला बोलावून नेलं होतं. दाढीतला कापूस झटकून तो गेला आणि कायमचा अडकला. पहिल्या रांगेतली खुर्ची, गुलाबाचं फूल, गार झालेला चहा आणि शेवटी साहेबांचं ठरलेलं वाक्य, "आता चाचा दोन शब्द बोलतील." साहेब बदलत गेले, खुर्ची तीच राहिली. प्रत्येक नवा साहेब आल्या आल्या अल्पसंख्याकांचा विश्वास मिळवायला निघायचा. आधीच्यानं मिळवलेला जाताना सोबत नेला होता की काय, कुणास ठाऊक!

चाचांचे दोन शब्दही ठरलेले. "आमच्या वस्तीत भांडण न्हाई, साहेब. कबरस्तानाच्या वाटेवर ओढा हाय. नळं घालून त्यावर बारकी फरशी बांधा, माणूस चालंल एवढी. पंचगंगा फुगली की ओढ्याला पाणी चढतंय, मयत घेऊन पाण्यातनं जावं लागतंय." टाळ्या पडायच्या. साहेब म्हणायचे, हा विषय आमच्याकडे येत नाही, पण तुमच्या भावना पोचवतो. भावना कुठं पोचत होत्या देव जाणे. फरशी काही आली नाही.

शेजारच्या खुर्चीत जिनपाल चौगुले बसायचे. जैन समाजाचे म्हणून त्यांनाही फूल मिळायचं. सिमेंट आणि नळ्यांचा त्यांचा धंदा. टाळ्या वाजवण्यात ते सगळ्यांच्या पुढं. माणूस वाईट नव्हता. मुलीच्या लग्नातल्या गाद्या त्यांनी दस्तगीरकडूनच करून घेतल्या होत्या. पण ओढ्याचं बोलणं सुरू होईपर्यंत दिवस कलायचा आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडं जायचं. अंधारायच्या आत जेवायचं असायचं ना!

घरी बायको, जैतून, हसायची. "फिर गुलाब लाया?" म्हणत ते फूल तांब्यात ठेवायची. "मैं उन्हाळे में मरूंगी जी, तुम फिकीर नको करो."

पण मरण काय माणसाच्या सोयीनं येतं? दोन हजार चारच्या श्रावणात, गगनबावड्याकडं धो धो कोसळत असताना, जैतून तापानं गेली. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. समितीतले काहीजण मातीला आले. जिनपालही आले, पांढरी इस्त्रीची विजार घालून. जनाजा खांद्यावरून खांद्यावर जातो. थोडं चालायचं, मागचा पुढं आला की आपण बाजूला व्हायचं. तेवढ्या हिशेबानं जिनपालांनी खांदा दिला आणि नेमका ओढा आला.

ओढ्यात खांदा बदलता येत नाही. खाली गाळ, एकजण हलला की जनाजा कलंडतो. पुढं एका बाजूला दस्तगीरचा मुलगा, दुसऱ्या बाजूला जिनपाल. त्यांच्या चपला गाळात गेल्या, पाणी कमरेला भिडलं.

"चाचा, पाय घसराय लागलाय! मला धरा की!" ते ओरडले.

"मला हात मोकळा न्हाई," मागच्या खांद्यावरून दस्तगीर म्हणाला. "तुमी तिला धरा."

जिनपालांनी धरलं. पलीकडं पोचले तेव्हा जैतूनवरची चादर निथळत होती आणि जिनपालांची पांढरी विजार गाळानं माखली होती. तीन मुठी माती टाकून ते तिथंच चिखलात बसले.

"एवढी वर्षं शेजारी बसलो, चाचा. माझ्याच दुकानात नळं पडल्यात की वो. मी कधी ऐकलंच न्हाई."

दस्तगीरला चिडायचं होतं. पण चिडायलाही अंगात बळ लागतं. तो एवढंच म्हणाला, "पाणी उतरू दे, मग बघू."

पाणी उतरलं आणि जिनपालांनी खरंच नळे आणून टाकले. स्वतः उन्हात उभं राहून फरशी बांधून घेतली. फीत कापायला नवे साहेब आले. विश्वासाचा पूल वगैरे बोलले, दस्तगीरच्या हातात गुलाब दिला आणि म्हणाले, "आता चाचा दोन शब्द बोलतील."

दस्तगीर उठला. इतकी वर्षं पाठ झालेले शब्द आता कामाचे राहिले नव्हते. फरशीकडं बघत तो म्हणाला, "लई चांगलं झालं, साहेब. मी आता कोरडा जाईन. ती भिजत गेली."

साहेबांनी टाळी वाजवली. सवयीनं आणखी काहींनी वाजवली. जिनपालांचे हात मात्र मांडीवरून उठले नाहीत.

घरी फूल तांब्यात ठेवणारं कुणी नव्हतं. ते तसंच हातात घेऊन दस्तगीर कोरड्या पायांनी ओढ्यापलीकडं निघाला.