जनरेटर काढणारी टॉवरवाली

टॉवरवाली कोंबडीलासुद्धा भ्यायची. अंगणात कोंबडी आडवी आली की ही गाडीला टेकून उभी राहायची आणि कोंबडी जाईपर्यंत हलायची नाही. कुत्र्याला भ्यायची, म्हशीला भ्यायची, विहिरीत वाकून बघायला भ्यायची. एवढी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि कंपनीने नेमकी तिलाच आमच्या मळ्यात पाठवली. दारणा नदीच्या काठाला आमच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे.

तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. मोबाईलचा टॉवर आमच्या बांधाला लागून आहे, तिचं काम त्या टॉवरचं, म्हणून टॉवरवाली. नाशकात राहायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय करायला आलीस?"

"आजी, हा जनरेटर काढायला."

आमच्या दारातून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. वीज डोळ्यांसमोर तयार होते आणि आमच्याकडची जाते. ती गेली की टॉवरखालचा जनरेटर धडधडायला लागायचा. काळा धूर, वाळत घातलेल्या लुगड्याला डिझेलचा वास, खाली तेल गळून गवतसुद्धा उगवत नव्हतं. पण त्या आवाजाने बिबट्या लांब राहतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. खरं-खोटं बिबट्याला माहीत. मी तिला सांगितलं, "धूर आम्ही खाऊ. त्याला राहू दे."

ती म्हणाली, "तुम्ही खाल हो आजी. पण असे टॉवर गावोगाव आहेत. माणसं नुसती बोलतात आणि तेवढ्यासाठी डिझेल जळतं."

तिची कामाची रीत उलटी होती. दुसरे साहेब येतात ते तुम्हाला काय पाहिजे म्हणून विचारतात. ही विचारायची, "आधी काय नसलं तरी चालेल ते सांगा." ओट्यावर बसून प्रत्येकाला हेच. कंपनीला नदीकडे आणखी एक टॉवर उभा करायचा होता. हिने तो होऊ दिला नाही, गावच्या पाण्याच्या टाकीवरच लहान यंत्र बसवलं. यंत्राच्या खोलीतला एसी काढला आणि भिंतीला झडपा ठेवल्या, नदीचा वारा आत यावा म्हणून. बांधावरचं उंबर रेंजच्या मध्ये येतं म्हणून माणसं करवत घेऊन आली, तर त्यांना म्हणाली, "झाड हलणार नाही. आपण हलू." आणि टॉवरवरचा अँटेनाचा डबा वर सरकवला. त्या वेळी खालून वर बघतानाही तिने उंबराचं खोड धरून ठेवलं होतं, हे मी पाहिलं.

सोलरची पॅनेलं आली, बॅटऱ्या आल्या, जनरेटर ट्रकात घालून नेला. कुणी बोलत नसलं की टॉवरची निम्मी यंत्रं आपोआप झोपायची, अशी सोय तिने केली होती. धूर गेला, मान्य. पण पहिल्याच संध्याकाळी वीज गेली आणि एवढी शांतता झाली की ऊस सळसळलेला घरात ऐकू यायला लागला. माझी सून सविता म्हणाली, "आई, आवाज होता तेच बरं होतं." त्या दिवसापासून आम्ही दिवेलागणीलाच दार लावून घ्यायला लागलो.

मग थंडीत आभाळ धरून आलं. ऊन नाही, त्यात जवळच्या वीटभट्ट्यांची राख पॅनेलांवर बसलेली. राख पुसायला टॉवरवालीने एक माणूस नेमला होता. त्याने उसाच्या वाटेवर बिबट्याची पावलं पाहिली आणि तो परस्पर परत गेला. नंतर आलाच नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. बॅटरी उतरत गेली.

अशाच एका संध्याकाळी वीज गेली आणि पाठोपाठ टॉवरही बंद पडला. सविता पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायला गेली होती. माझा मुलगा चांदवडला कांदा घेऊन गेलेला. सविता येईना म्हणून मी फोन लावला, तर लागेना. पुन्हा लावला. नाही. ती पंपाच्या खोलीत पत्र्याचं दार आतून धरून उभी होती. बिबट्या बाहेर बांधावर बसला होता, आणि तिच्या हातातल्या फोनला रेंज नव्हती. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर नेला तेव्हा तो उठून गेला. घरी आणल्यावर मी तिचा हात उघडून पाहिला. दाराची कडी धरून तिच्या तळव्याला चीर पडली होती.

दुसऱ्या दिवशी टॉवरवाली आली. मी तिला बसही म्हटलं नाही. म्हटलं, "तू धूर घालवलास आणि माझी सूनही घालवली असतीस."

तिने कुणावर ढकललं नाही. म्हणाली, "राख पडणार हे मी धरलं होतं. पुसणारा माणूस घाबरेल हे नाही धरलं. मी स्वतः एवढी भित्री, तरी माझ्या लक्षात आलं नाही."

मुलगा म्हणाला, "ते राहू द्या मॅडम. जनरेटर परत आणा."

"सांगितलं तर आजच येईल. पण आधी मला त्या पंपाच्या खोलीत बसायचंय. त्याच वेळेला."

मुलाने तिला वेड्यात काढलं. तरी संध्याकाळी आम्ही तिघी गेलो, ती, सविता आणि मी. मुलगा ट्रॅक्टर घेऊन वाटेवर थांबला. दार ओढून घेतलं. आत ग्रीसचा वास आणि अंधार. टॉवरवालीचे दात वाजत होते. तशातच तिने विचारलं, "सविताताई, त्या वेळी तुम्हाला काय पाहिजे होतं?"

"काय पाहिजे होतं म्हणजे? मी इथं हाय, एवढं कुणाला तरी सांगायचं होतं."

"बाकी काही नसतं तरी चाललं असतं?"

"बाकी काय? व्हिडिओ लावून बिबट्याला दाखवू?"

ती हसली, आणि तेवढ्यात बाहेरून पत्र्याला काहीतरी घासत गेलं. कुत्रं असेल, वारा असेल. टॉवरवालीने माझा गुडघा असा आवळला की नंतर काळानिळा पडला. मुलाने ट्रॅक्टर दाराशी आणला तेव्हाच आम्ही बाहेर निघालो. काय होतं ते आजही माहीत नाही.

जनरेटर परत आला नाही. बॅटरी उतरायला लागली की आधी व्हिडिओ बंद, मग फोटो, आणि शेवटचा वाटा फक्त बोलण्याचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने करून दिलं. ऐन मॅचमध्ये चित्र थांबायला लागलं तशा गावातल्या पोरांनी तिला शिव्या घातल्या. राख पुसायला भर दुपारी दोघा माणसांनी जोडीने यायचं ठरलं. ती माणसं मिळेपर्यंत ही स्वतः यायची. मी काठी घेऊन सोबत जायची. वाटेने ती मोठमोठ्याने बोलत चालायची, काहीही, भाजीचे भावसुद्धा.

मुलाने एकदा विचारलं, "पुन्हा असं होणार नाही ना मॅडम?"

"होणारच नाही असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "मलाही रोज तीच भीती वाटते." त्या दिवसापासून माझा तिच्यावर विश्वास बसला. काही होत नाही म्हणणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

पुढे तिची बदली मालेगावकडे झाली. तिकडेही टॉवरखालचे जनरेटरच काढते. जाताना रडली, मी नाही रडले. बिबट्या आहे तसाच आहे. सविता अजून पंपावर जाते, कारण पंप चालवायला दुसरं कुणी नाही.

परवा आभाळ भरलेलं, वीज गेलेली, सविता बाहेर. फोन वाजला. टॉवरवाली होती.

"आजी, लागतोय ना फोन?"

"लागला म्हणून तर बोलतेस."

"तिकडे ढग आहेत असं कळलं, म्हणून लावून बघितला. सविताताई आल्या?"

"नाही अजून."

तिने फोन तसाच धरून ठेवला. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, बाहेर ऊस हलत होता. शेवटी मीच म्हटलं, "ठेव आता. तिला लावायचा असेल तर लाइन मोकळी पाहिजे."

"हो आजी," म्हणाली, आणि लगेच ठेवला.

मी फोन हातात धरून उसाच्या वाटेकडे बघत बसले.