राखुंडीनं घासलेली कवळी

शिवाजी पेठेत कवळ्या बनवणाऱ्या चाचांचा मला भयंकर राग यायचा. कवळी बसवून दिली की त्यांचं काम संपत नसे, तिथून सुरू होई. दर सहा महिन्यांनी ती साफ करून घ्यायला त्यांच्याकडे न्यायचीच. नाही नेली तर स्वतः दारात हजर. "आण्णा, काढा बघू!" माझ्या वडिलांना पाहुण्यांदेखत कवळी काढायला लावत आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत, "परत राखुंडी? भांडी हायत व्हय ती? वरखडे बघा किती पाडलायसा!" आण्णा बोळकं तोंड पंचानं झाकून घेत. माझं डोकं फिरायचं.

आण्णा गेले त्या सकाळी कुणीतरी त्यांची कवळी काढून वाटीत ठेवली होती. गाल आत गेलेले. ते आमचे आण्णा वाटेचनात. चाचा आले आणि वाटीत बघून भडकले, "परत राखुंडीच! आन् अशा बसक्या तोंडानं न्हेणार व्हय ह्यास्नी?"

मेलेल्या माणसावरही ओरडतो हा! मी अंगावर धावणारच होतो, तोवर ते वाटी उचलून, खिशातला ब्रश काढून नळापाशी उकिडवे बसले. तोंडाचा पट्टा चालूच होता, ब्रश मात्र अगदी हळू फिरत होता.

गावाकडनं आलेले माझे चुलते वैतागले. "चाचा, ऱ्हाऊ द्या की. घटकाभरानं जळणारच हाय, घासताय कशाला?"

चाचांनी मान वर केली नाही.

"पावणं, तुम्हीबी जळणारच हायसा की. मग रोज तोंड कशाला धुता?"