दगडांवरची चालू जीप

ती काळीपिवळी जीप काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्त झाल्यावर मोठमोठे गुन्हे विसरलो, पण टॅक्सची ती साधी चौकशी विसरता येत नाही.

तेव्हा मी मानोरा तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. सकाळी हजेरी घेत असताना फोन आला. "सायेब, तांड्यावरच्या त्या काळीपिवळीचा टॅक्स थकला. घरी उभी हाये म्हन्तेत, पन रोज सकाळी इंजिनाचा आवाज येऊन राह्यला." बोलणारा त्याच रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारा होता. परिवहन कार्यालयाचं पत्रही टेबलावर होतं. गाडी वापरात नसल्याची सूचना मालकाने दिलेली नव्हती. गाडी चालत असेल तर दंड आणि जप्ती.

मालकाच्या बायकोला ठाण्यात बोलावलं.

"नवरा का नाही आला?"

"खाटेवर हायेत सायेब. झाडावरून पडले, कंबर गेली."

"गाडी चालू आहे का?"

बाईचा चेहरा उजळला. "चालू हाये ना! एका सेल्फात."

झालं! मी जबाबात लिहिलं, 'गाडी चालू आहे', आणि अंगठा घेतला. जप्तीचं नाव काढताच ती रडकुंडीला आली. "काईबी करा सायेब, गाडी नका नेऊ. ते मंग जगत नाईत." जप्तीच्या वेळी सगळेच असं म्हणतात. मी लक्ष दिलं नाही.

दुपारी दोन पंच घेऊन तांड्यावर गेलो आणि जागीच थबकलो. जीपला चाकंच नव्हती. चार दगडांवर उभी होती, खाली हातभर गवत.

"चाकं कुठं आहेत?"

"इकली, ह्यांच्या दवाखान्यासाठी."

"मग चालू आहे असं का सांगितलं?" मी डाफरलो.

"चालूच हाये. फिरते का, असं तुमी कुठं इचारलं?"

तिने आत बसून सेल्फ मारला. इंजिन खरंच एका दमात सुरू झालं. तेवढ्यात घरातून पुरुषाचा आवाज आला, "रेस कमी कर! डिझेलच्या फिल्टरात पानी हाये, काढून टाक." ती मुकाट्याने उतरली, बोनेट उघडलं आणि फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला केला. थेंब थेंब पाणी पडलं. पंच आ वासून पाहत राहिले.

"गाडी चालवता येते तुम्हाला?"

"नाई जी. हे खाटेवरून सांगतेत, मी करतो. आवाज आयकला का दोन घास खातेत. नाई तं भिंतीकडं तोंड करून पडतेत."

पंचनाम्यात मी स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिली. साहेबांनी झापलं, पण पंचनामा मान्य झाला. दंड आणि जप्ती रद्द झाली.

तो कागद द्यायला मी स्वतः गेलो. ठाण्याची जीप अंगणाबाहेर लावून आत शिरलो तर खाटेवरचा माणूस नमस्कार करून म्हणाला, "सायेब, तुमच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा जाऊन राह्यला. ठान्यापावत पोचनार नाई."

हसून निघालो. तरी रस्त्यात मेस्त्रीकडे बोनेट उघडायला लावलं. पट्टा दोन धाग्यांवर होता.

उभ्या नोकरीत मी लोकांना नुसतं विचारत आलो. ऐकणं कशाला म्हणतात, ते मला त्या खाटेपाशी कळलं.