'ठाव' मला सुचला नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगायला बसलोय तर छाती धडधडतेय — आणि गंमत बघा, त्यातली निम्मी धडधड अजूनही एका शब्दाच्या आनंदाची आहे. लाज वाटायला हवी ना? वाटते. पण आनंदही होतो, त्याला काय करू?

मी जयसिंगपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो, राहायला कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. रंकाळ्याहून मोठं पाणी पाहिलं ते फार तर शाळेच्या सहलीत. अशा माणसाकडे एका प्रकाशकानं काम दिलं — समुद्राची खोली मोजणं आणि जहाज चालवणं या विषयांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश! मी हुरळून गेलो. पण समुद्रातलं मला काय कळत होतं?

तेव्हा मारुतीराव भेटले. नेसरीचे, घरची शेती, पण उमेदीची वर्षं नौदलाच्या सर्वेक्षण जहाजावर काढलेली. दर रविवारी ते एसटीनं यायचे आणि पेठेतल्या चहाच्या हॉटेलात आमची बैठक जमायची. काय दिवस होते ते! खोली मोजायच्या 'फॅदम' या मापाला मराठीत काय म्हणायचं, असं मी विचारलं, तर त्यांनी दोन्ही हात फैलावले, शेजारच्याचा कप पाडला आणि म्हणाले, "वाव! पसरल्या दोन हातांएवढा. हिरीचा दोर कसा मोजताय, सर?" मी जागेवर उडालोच. समुद्राचा शब्द आपल्या मळ्यात पडून होता! पुनवेच्या मोठ्या भरतीला उधाण, अष्टमीच्या मंद भरतीला भांग — हे त्यांनी कोकणातल्या खलाशांकडून उचललेले. मी अधाशासारखा टिपून घेत होतो. त्यांची इच्छा एकच — पुस्तकात आपलं नाव छापून यावं. मी ते ऋणनिर्देशात घातलंही होतं, आणि घरी मंडळीला त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. येतोय — जरा धीर धरा.

'साउंडिंग' हा शब्द मी त्यांना विचारलाच नव्हता. साउंड म्हणजे आवाज, त्यात विचारायचं काय? मी ऐटीत 'ध्वनिमापन' लिहिलं आणि मजकूर पाठवून दिला. अहो, साउंडिंग म्हणजे पाण्याची खोली मोजणं! अख्ख्या विषयाचा मुख्य शब्द, आणि मी शहाणा नेमका तिथेच आपटलो.

संपादक मंडळाच्या बैठकीत विचारणा झाली — हे कुणी लिहिलं? समोर सहा माणसं. माझे कान तापले. आणि मी म्हणालो, मारुतीरावांनी सांगितलं. इतकं सहज बाहेर पडलं ते — माझं मलाच खरं वाटलं! तिथल्या तिथे ठरलं, असल्या माणसाचं नाव कोशात नको. मी मान डोलावली. हो, डोलावली.

त्याच रविवारी, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, मी त्यांना साउंडिंगला शब्द विचारला. ते क्षणभरही थांबले नाहीत. "ठाव की! हिरीत उडी टाकल्यावर पाय टेकतोय का बघतो, त्यो ठाव. जहाजावरनं बी आमी त्येच बघत हुतो."

अंगावर काटा आला माझ्या. पोहायला शिकताना 'ठाव लागत नाही' म्हणून मी स्वतः बोंबललो होतो, आणि मला हा शब्द आठवू नये? जवळजवळ धावतच घरी गेलो, दुरुस्ती करून पाठवली. मंडळ खूश! विचारलं, कुठून मिळाला? मी म्हटलं — सुचला.

कळलं ना? चूक माझी, ती त्यांच्या नावावर. शब्द त्यांचा, तो माझ्या. एकाच आठवड्यात.

पुस्तक निघालं. प्रस्तावनेत 'ठाव'चं कौतुक, खाली माझं नाव. मारुतीरावांनी प्रत हातात घेऊन पुढची पानं चाळली, मागची चाळली, पुन्हा पुढची. "माजं नाव कुटं हाय, सर?" मंडळानं काढलं, एवढंच मी बोललो. का काढलं, ते गिळलं. मग त्यांनी 'ठाव' शोधून काढला, त्यावर बोट ठेवलं. "शब्द बसलाय न्हवं? मग झालं की." आणि प्रत पिशवीत घातली — मंडळीला दाखवायला. काय दाखवलं असेल त्यांनी तिला? पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.

परवा दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली. ऋणनिर्देशाच्या पानावर अर्धी जागा मोकळी, आणि काही बदल असल्यास कळवा, अशी प्रकाशकाची चिठ्ठी. मारुतीराव नेसरीतच आहेत, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी सगळी पानं वाचली, तीन ठिकाणी वेलांट्या सुधारल्या आणि 'बाकी बदल नाही' असं लिहून परत पाठवली.