मार्तंडरावांचं सहा बाय सात

आमटी मी सांडली. आधीच कबूल करतो, कारण उमरग्याच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तिच्याबद्दल निरनिराळ्या कथा चालू आहेत. समोरच्या मार्तंडरावांच्या स्वयंपाकघरात मी जरासा टेकलो, एवढंच. टेकलो ती भिंत नव्हती, भिंतीला उभी मिटवलेली फळी होती. खटका सुटला, फळी धाडकन आडवी झाली आणि येसर आमटीचं पातेलं ओट्यावरून खाली गेलं.

"सर, बसायला भाईर खुर्ची हाय," मार्तंडराव म्हणाले आणि जागचं न हलता त्यांनी फडकं काढलं.

मार्तंडराव एका शाळेत एकतीस वर्षं कारकून होते. चारुशीलावहिनी गेल्यावर स्वयंपाक अंगावर पडला. गडी ताडमाड, खोली सहा बाय सातची. पहिला महिना ते रोज कशावर तरी डोकं आपटून घेत. मग एक दिवस सुतारकामाची पिशवी काढली आणि खोलीचं दप्तरच लावून टाकलं. ओट्याखाली चाकांचे ट्रे. दारामागं तवा, झारा, उलथणं ओळीनं टांगलेली. सिलेंडरमागच्या वीतभर फटीत भाकरी थापायची काटवट उभी. डब्यांवर चिठ्ठ्या, पिठाच्या डब्यावर तर दळणाची तारीखसुद्धा. आणि ही फळी, पाडली की दोघांचं जेवणाचं टेबल. तिसरा आला तर त्यानं जिन्यात बसावं.

वरच्या मजल्यावरच्या कस्तुराबाईंनी नवऱ्याला ओढत आणून हे सगळं दाखवलं. "बघा, आन् शिका कायतरी." तो एवढंच शिकला, की मार्तंडरावांशी बोलायचं नाही.

फळीवरची दुसरी जागा लेकीची, श्रियाची. ती सोलापूरला नोकरीला. आई गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती महिन्यातून एकदा येई, बाहेरच्या खोलीत बसे, बापाची औषधं देई, पाणी पिई आणि सहाच्या एसटीनं जाई. ह्या घरात घास म्हणून तिनं खाल्ला नव्हता. आज जेवेन, असं फोनवर म्हणाली होती. म्हणजे मी सांडलं ते काय होतं, बघा.

दुसरी आमटी त्यांनी अर्ध्या तासात केली. मी उंबऱ्यावर हात आवरून बसलो होतो.

"हिच्यासारखी झालीय का?" त्यांनी वाटी पुढं केली.

"अगदी," मी म्हणालो. जीभ भाजल्यामुळं मला काहीच कळलं नव्हतं.

श्रिया साडेबाराला आली. बापानं तिला थेट आत नेलं, ट्रे ओढून दाखवला, फळी पाडून दाखवली. "ह्ये बघ. वाकायला नगं, चढायला नगं. समदं हातात."

ताटं वाढलेली बघून चटणीचा डबा काढायला तिनं हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं डब्याखालच्या लाकडाला लागली आणि तिथंच राहिली. पोरगी आईच्या बांध्याची, ठेंगणी.

"अण्णा, आई एकच फळी मागत होती," ती हात खाली न घेता म्हणाली. "तिचा हात पुरेल अशी. मी चौथीत होते तेव्हापासून. स्टुलावरून पडली, मनगट मोडलं, तरी तुम्ही म्हणालात, बघू दिवाळीला."

"आता त्ये काय काढतीस बाई, जेव की."

"हे सगळं करायला किती दिवस लागले?"

मार्तंडराव कारकून माणूस, नोंद चुकवणार नाहीत. "आठ."

"आठ दिवस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. गणित ताडून बघावं तसं म्हणाली. मग तव्यावर भाकरी फुगत असताना तिनं दाराशी जाऊन चपला घातल्या. "निघते. एसटी चुकेल."

सहाच्या एसटीला अजून पाच तास होते.

जिन्यातला आवाज थांबेपर्यंत भाकरी एका बाजूनं करपली. मार्तंडरावांनी गॅस बंद केला, भाकरी ताटात घेतली आणि एकटेच फळीला बसले. मी उठून जायला हवं होतं. पण ज्याला कुठं टेकू नये ते कळत नाही, त्याला कुठं बोलू नये ते काय कळणार?

"आठ दिवसांचंच काम होतं, मार्तंडराव. मग वहिनींना का नाही करून दिलं?"

त्यांनी भाकरीचा करपलेला पापुद्रा काढून बाजूला ठेवला.

"तव्हा सैपाक मी करत नव्हतो."